वारा नसलेली दुपार

५ फेब्रुवारी

कविराज,

आशीर्वाद तू मागितले नाहीस, तरी पाठवते आहे. आत्ता नको असतील तर ठेवून दे, कधीतरी उपयोगी पडतील.

तुझं पुस्तक मिळालं. तू पाठवलं नव्हतंस, ते खालच्या शिंपीमामांच्या मुलीने कॉलेजातून आणून दिलं. धाकटीने ते एका बैठकीत संपवलं आणि मग मला मोठ्याने वाचून दाखवलं. मला कवितेतलं काही कळत नाही, हे तू लहानपणापासून चारचौघांत सांगत आला आहेस. त्यामुळे जुन्या कवींच्या डोंगरदऱ्या, ढग आणि उसासे चालू होते तोवर मी नखं कापत बसले होते. वाईट नव्हतं. माणसाच्या आत एक शक्ती असते, ती काही नसताना सगळं निर्माण करते, कवी म्हणजे छोटासा देवच. असेल बापडा.

मग शेवटचं प्रकरण आलं, 'एका खेळाचा जन्म', आणि माझं नखं कापणं थांबलं.

तू लिहिलं आहेस की लहानपणी एका दुपारी तू हॉस्पिटलच्या धुलाईखान्यामागच्या अंगणात एकटाच बसला होतास. दोऱ्यांवर पांढऱ्या चादरी वाळत होत्या. मग वारा आला, चादरी उचलल्या गेल्या, आणि कवीला जशी कविता दिसते तसा तुला अख्खा खेळ दिसला, नियमांसकट. फार छान उतरलंय. धाकटीचे डोळे भरून आले. "किती सुंदर लिहिलंय गं दादाने!" म्हणाली. मग तिने एक पान पुढे उलटलं, दोन पानं मागे उलटली आणि मला विचारलं, "मी कुठल्या पानावर आहे?"

मी म्हटलं, पुढच्या आवृत्तीत असशील.

भांडायला लिहीत नाही. आई गेली तेव्हा तू स्वतः येण्याऐवजी कविता पाठवलीस, त्यावरून काय बोलायचं ते मी तेव्हाच बोलले आहे, आणि त्यानंतर तू बोलणंच टाकलंस. ते तसंच राहू दे. आज काम आहे म्हणून लिहिते आहे.

आपला 'पलीकडे' हा खेळ आता मोठा झालाय. तू मोठेपणी तो कधी बघितला नाहीस, म्हणून सांगते. मैदानाच्या मधोमध उंच पांढरा पडदा असतो. दोन्हीकडे सहा-सहा खेळाडू. चेंडू पडद्यावरून पलीकडे टाकायचा, पलीकडच्यांनी तो जमिनीला लागायच्या आत झेलायचा. चेंडू कापडाला लागला की टाकणारा बाद. कुणालाच कुणी दिसत नाही. दिसतं फक्त खांबाला. पडद्याच्या टोकाशी, दोन्ही बाजू दिसतील असा, प्रत्येक संघाचा एक खेळाडू उभा असतो, तोच खांब. त्याने पाय हलवायचा नाही, नुसतं ओरडून सांगायचं. माझ्या शाळेत मी हा खेळ जन्मभर शिकवला. जिला दम लागतो, जिचा पाय अधू आहे, जिचा चष्मा जाड आहे, अशी प्रत्येक पोरगी खांब व्हायला धडपडते, आणि खांब चांगला नसेल तर वाघासारखे सहा जणही मातीत जातात.

आता खेळाचं मंडळ मोठी स्पर्धा भरवणार आहे आणि नियम पक्के करायला बसलं आहे. धाकटीला त्यांनी खांबांची प्रशिक्षक म्हणून घ्यायचं ठरवलंय. आपल्या धाकटीला! आयुष्यभर दुसऱ्यांच्या कपड्यांना काज-बटणं करणाऱ्या बाईला गळ्यात शिट्टी मिळणार आहे. तिने आत्ताच एक दोरी विणून ठेवली आहे, निळी.

पण मंडळात कुणीतरी तुझं पुस्तक वाचलंय. त्यात खांब नाही. ते म्हणतात, मूळ खेळात नव्हताच, नंतर शाळेतल्या बायकांनी घुसडला असावा. टीव्हीवर दाखवायला अडचण होते म्हणे, एक माणूस नुसता उभा.

तू त्यांना एक ओळ लिही. 'खांब पहिल्या दिवसापासून होता, आणि ती माझी धाकटी बहीण होती.' एवढंच. जनक वगैरे तूच राहा. मला काही नको.

— ताई


२१ फेब्रुवारी

कविराज,

उत्तर दिलंस, हेच खूप झालं. धाकटी पाकिटावरचं तुझं अक्षर बघून हरखली होती. आतलं मी तिला वाचू दिलं नाही. दादा कामात आहे, एवढंच सांगितलं.

तुझं म्हणणं, घडलेली गोष्ट वेगळी आणि सत्य वेगळं. सर्जनाचा क्षण नेहमी एकट्याचा असतो. ते कवी खिडकीत तारा लावून ठेवायचे आणि वारा त्या छेडायचा, तशी तुझी तार त्या दुपारी छेडली गेली. भोवती कोण होतं नव्हतं, हा तपशील झाला. आणि शेवटी, 'ताई, तुला नाव हवं असेल तर तसं स्पष्ट सांग.'

हवं आहे! मला माझं नाव हवं होतं, पुस्तक बंद केल्यावर दोन दिवस मला दुसरं काही सुचत नव्हतं. मग धाकटी त्या निळ्या दोरीला गाठ मारताना दिसली आणि माझं मला कळेनासं झालं की मी कशावर रुसले आहे. आता नको आहे. तुझा विश्वास बसणार नाही, पण नको आहे.

पण वाऱ्याबद्दल बोलू या. अरे, वारा असला की आपण खेळतच नसू! वारा असला की चादरी फुगतात, त्यांना चेंडू लागतो, आणि डाग पडलेली चादर परत भट्टीत जाते. शिवाय वाऱ्याच्या दिवशी आई चिमटे घेऊन बाहेरच येऊन बसायची. खेळ सुचला तो दिवस असा होता की पान हलत नव्हतं. आत धुलाईखान्यात काम करताना भट्टीच्या वाफेने आईचा जीव नकोसा झाला होता, तिने आपल्याला हाकललं आणि बजावलं, "चादरीला बोट लागलं तर सोलून काढीन." सगळा खेळ त्या एका धमकीतून निघालाय. कापडाला लागला की बाद, हा नियम तुला दिसला नव्हता, आईने तो ओरडून सांगितला होता.

चेंडू म्हणजे बाबांचा फाटका मोजा, आत चिंध्या. तो मी बांधला, कारण तुला गाठ मारता येत नव्हती. पहिल्यांदा आपण नुसते एकमेकांच्या डोक्यात तो मारत होतो. तू हरायला लागलास की नियम बदलायचास, मी तो हाणून पाडायचे, मग तू रडून दुसरा काढायचास. अर्धे नियम तुझ्या रडण्यातून आलेत, हे मात्र कबूल. तेवढ्यापुरता तू जनक आहेस.

आणि धाकटी. तिच्या पायाला तेव्हा त्या लोखंडी पट्ट्या होत्या. तिला पळता येत नव्हतं आणि घरात ती थांबत नव्हती. तू म्हणालास, ही लुडबुड नको. मी तिला दोरीच्या टेकूच्या बांबूपाशी उभं केलं, म्हटलं, याला धर आणि आई आली की ओरड. ती आपली पहारेकरी होती, बस. पण दोरीच्या टोकाला उभं राहिल्यावर तिला दोन्ही बाजू दिसायला लागल्या. तू चादरीमागे चाचपडत होतास, मी चेंडू फेकायला हात उचलला, आणि ती किंचाळली, "दादा, पलीकडे! पलीकडे!" तू पळालास आणि झेललास. आयुष्यातला तुझा पहिला झेल तो. त्यानंतर ती कायम तुझ्याच बाजूने ओरडायची, कारण तू हरत होतास. खेळाला नाव तिथून मिळालं. त्याआधी त्याला शेंडा ना बुडखा.

हे सगळं तुला आठवतंय. तुझ्या पत्रात 'भोवती कोण होतं नव्हतं' असं आहे. कुणीच नसतं तर तू 'नव्हतं' एवढंच लिहिलं असतंस.

एक ओळ लिही. मंडळाची बैठक पुढच्या महिन्यात आहे.

— ताई


१४ मार्च

बैठकीला मी गेले होते.

लांबट खोली, टेबलावर पाण्याच्या बाटल्या, भिंतीवर तुझा फोटो. हनुवटीखाली हात घेतलेला. सचिव तरुण आहे, चांगल्या घरचा वाटला, मला उठून खुर्ची दिली. म्हणाला, "बाई, तुमचं योगदान कुणी नाकारत नाहीये. पण खांब ही अशक्त मुलांची सोय म्हणून शाळांनी केलेली भर आहे, असा समितीचा ग्रह झालाय. जनकांनी स्वतः लिहिलंय ना."

मी म्हटलं, "जनकांना मी मोजा बांधून दिला होता."

सगळे हसले. मीसुद्धा हसले, म्हटलं वातावरण बरं आहे. मग मी सगळं सांगितलं. आई, भट्टी, बांबू, धाकटी. एक गृहस्थ म्हणाले, याला आधार काय? मी म्हटलं, आधार म्हणजे माझा भाऊ, त्यालाच विचारा. हौस बघ माझी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

सचिवाने तिथेच फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून टेबलाच्या मध्ये ठेवला. खोलीत कोण कोण आहे, हे त्याने तुला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, असं मला तेव्हाही वाटलं. तू प्रसन्न होतास. तुझा आवाज बाबांसारखा झालाय, तुला कुणी सांगितलं का?

त्याने विचारलं, "सर, त्या मूळ प्रसंगी आणखी कुणी होतं का? तुमच्या बहिणी वगैरे?"

तू थांबलास. त्या थांबण्यावर मी जीव लावून बसले होते. मनातल्या मनात ओरडत होते, पलीकडे, अरे पलीकडे.

"बालपणीच्या आठवणी धूसर असतात," तू म्हणालास. "बहिणी घरात असतील. मला आठवतो तो वारा."

सचिवाने आभार मानले. फोन बंद झाल्यावर माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. एकाने पाण्याची बाटली पुढे सरकवली. मी ती प्यायले आणि निघाले.

नियम आठवड्याभरात छापून आले. खांब नाही. धाकटीला कळवलंय की प्रशिक्षकाची जागाच उरलेली नाही, पण उद्घाटनाच्या सामन्याला सन्मानाने यावं, सोबत दोन पास.

मी तिला सांगितलं की बैठकीत तुझा फोन लागला नाही. ती म्हणाली, "लागला असता तर त्याने सांगितलं असतं ना?" मी म्हटलं, सांगितलं असतं.

आता तुला काही लिहायला सांगत नाही. पालथ्या घड्यावर पाणी किती ओतायचं. फक्त एवढं कर, सामन्याला येणारच आहेस, तर तिला भेट. तिला आपली आशा आहे. काल माझ्या मागे लागली होती, दादाला कुठला रंग आवडायचा गं? साडी काढून ठेवली आहे. तू तिला नुसतं नावाने हाक मारलीस तरी पुरे. खांबाचं काही बोलू नकोस, तीही काढणार नाही. ती माझ्यासारखी नाही.

— ताई


२ मे

कविराज,

सामना बघितला. तूही बघितलास, आणि तूच सुरू केलास. शिट्टी वाजवायला तुला तीनदा फुंकावं लागलं. शिट्टी जिभेने अडवायची नसते. मी शिकवलं असतं.

आमच्या जागा पडद्याच्या टोकाशी होत्या, तुमच्या मांडवाच्या बरोबर वरच्या बाजूला. पास देणाऱ्याने कोपऱ्यातल्या म्हणून त्या आम्हाला दिल्या असणार. पण धाकटी खूश झाली. "ताई, इथून दोन्ही बाजू दिसतात!"

खेळ कसा झाला, ते तुला कुणी खरं सांगणार नाही, म्हणून मी सांगते. खांब नाही, त्यामुळे कुणाला काही कळत नव्हतं. चांगली तयारीची, चपळ मुलं पडद्यामागे आंधळ्यासारखी हात पसरून उभी. चेंडू दाणकन पडायचा, मग सगळी धावायची. लोकांना ते आवडलं. पडापडी होती, हशा पिकत होता. मी पहिल्या डावातच बघणं सोडलं आणि लोकांची तोंडं बघत बसले.

धाकटी मात्र खेळ बघत होती. तिचे दोन्ही हात पुढच्या कठड्याच्या लोखंडी खांबाला होते, घट्ट. डावीकडच्या संघातला एक मुलगा, तुझ्यासारखाच काडीपैलवान, चेंडू कुठून येतोय ते न कळून उलटाच पळत सुटला, आणि ती उभी राहिली. तिच्या आवाजाचं तुला माहीत आहे. बोलते ती मुंगीसारखी, पण ती हाक—

"पलीकडे! अरे पलीकडे!"

तो मुलगा वळला आणि त्याने झेलला. झेलला रे! सबंध सामन्यातला सगळ्यात सुंदर झेल. टाळ्या पडल्या.

आणि तू वर बघितलंस.

नाही म्हणू नकोस. तुझ्या हातात कसलातरी पेला होता, तो अर्ध्यावर थांबला. तू सरळ तिच्याकडे बघितलंस. ती हसली, एक हात कठड्यावरून सोडला आणि हलवला. निळी साडी, उन्हात उभी, तुझ्यापासून दहा-बारा पावलांवर. मग शेजारच्या गृहस्थांनी तुला काही विचारलं, तू त्यांच्याकडे वळलास आणि मान हलवलीस. त्यांनी काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही. पण दोन मिनिटांत निळ्या टोपीतला एक माणूस वर आला आणि फार अदबीने म्हणाला, "मावशी, बाहेरून खेळाडूंना सांगायचं नसतं. नियम आहे."

"माहीत आहे हो," धाकटी म्हणाली. "सवयीने झालं."

तो म्हणाला, इथे बसायचं तर शांत बसा, नाहीतर मागच्या रांगेत चला. ती मागच्या रांगेत गेली. जिने चढायला तिला वेळ लागला, आमच्यामुळे काही लोकांना उभं राहावं लागलं. सामना संपल्यावर आम्ही फाटकापाशी थांबलो होतो. तुमच्या गाड्या दुसरीकडून गेल्या.

तुला शिव्या द्यायला बसले होते. आता लिहून झाल्यावर बघते तर एकही शिवी नाही. थकले असेन.

— ताई


१९ जून

हे शेवटचं पत्र. घाबरू नकोस, काही मागायचं नाही.

धाकटी बरी आहे. काज-बटणं करते. दर शनिवारी माझ्या शाळेत पोरींना खांब व्हायला शिकवायला यायची, ते तिने सोडलं. मी म्हटलं, अगं, आपल्या शाळेत आपण आपल्याच नियमाने खेळू, मंडळ काय पोलीस पाठवणार आहे? ती म्हणाली, पोरींना पुढे स्पर्धेत जायचं असेल तर त्यांना चुकीचं कशाला शिकवायचं. चुकीचं म्हणाली. शाळेनेही मग नवे नियम घेतले. ज्या मुली खांब व्हायच्या त्या आता भिंतीपाशी बसून बाकीच्यांच्या चपला राखतात. मी सांगितलेलं नाही, आपणहून जाऊन बसतात.

तुझं पुस्तक धाकटीने विकत घेतलंय. तिचं स्वतःचं. शेवटचं प्रकरण तिला जवळजवळ पाठ आहे. शिंपीमामांच्या दुकानात कपडे घ्यायला कुणी आलं की सांगते, माझ्या भावाने लिहिलंय. मला वाटलं, सांगू दे, तेवढाच तिला अभिमान.

काल दुपारी लाईट गेले होते. फार उकडत होतं, खिडकीबाहेर पान हलत नव्हतं. मी सहज म्हटलं, "अगदी त्या दिवसासारखं आहे नाही?"

"कुठल्या?"

"खेळ सुचला त्या."

"त्या दिवशी तर वारा होता," ती म्हणाली. आणि सांगायला लागली. चादरी कशा उचलल्या गेल्या, दादा पायरीवर कसा एकटाच बसला होता, त्याला कसं सगळं एकदम दिसलं. इतकं छान सांगत होती, रे. तुझ्यापेक्षा छान. तिच्या डोळ्यांसमोर ते होतं.

मी विचारलं, "आणि तू कुठे होतीस?"

सुईत दोरा ओवत होती, ती थांबली. खरंच आठवायला लागली. मला वाटलं आता बांबू आठवेल, हाताला लागलेली त्याची कुसं आठवतील, रात्री आईने सुईने काढली होती ती.

"मी घरात असेन," ती म्हणाली. "मला आधी वाटायचं मी तिथे होते. पण तू सांगून सांगून वाटायला लागलं असेल. मी तिथे असते तर त्या दिवशी मैदानावर माझी हाक ऐकून दादाने ओळखलं नसतं का?"

मग तिने दोरा ओवला आणि बटण लावायला घेतलं.

मी तिला खरं काय ते सांगितलं. दोनदा सांगितलं. ती "हो का?" म्हणाली, लहान मुलाची समजूत काढावी तशी. तिला तिथे कुणी उभं केलं होतं, ती कुणासाठी ओरडली होती, हे आता आपल्या दोघांनाच ठाऊक आहे. त्यातल्या माझ्यावर ती विश्वास ठेवत नाही.

— ताई